वाळवीची मोजणी

वरची वाडी, कशेळ्याच्या पुढे
१२ सप्टेंबर

प्रिय साईदादा,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. इथे देवराईच्या पायथ्याला रेंज मिळते ती टेकडीवरच्या एका दगडावर, आणि त्या दगडावर सध्या वाडीतली एक शेळी बसते. तिला उठवण्याइतकी माझी इथे ओळख झालेली नाही. शिवाय आपण चुलत भावंडं फोनवर तिसऱ्या वाक्याला भांडतो. कागदावर निदान समोरच्याचं बोलणं पूर्ण होतं. म्हणून हे पत्र लडकूच्या जीपने पाठवते आहे. उत्तरही त्याच्याकडेच दे. वाटेत तो वाचतो, पण कुणाला सांगत नाही, असं तो सगळ्यांना सांगतो.

काम असं आहे. जूनमध्ये मी तुझ्या वरकसात, म्हणजे तुमच्या त्या भात न होणाऱ्या उतारावर, आंब्याच्या लाकडाचे खुंट ठोकून गेले. ओळीत, सारख्या अंतरावर, प्रत्येकावर लाल रंगाचा आकडा आणि एक छोटं फडकं. तू तेव्हा बांधावर चहा पीत उभा होतास. "ठोक, तुझ्या काकाचीच जमीन" म्हणालास. कशासाठी ठोकतेस हे मी सांगितलं होतं, पण तू बशीत फुंकर घालत होतास. म्हणून पुन्हा सांगते.

मी वाळवीचा अभ्यास करते. घरातल्या चौकटी खाणारी म्हणून जी बदनाम आहे तिचा नाही, जमिनीत राहणारीचा. ती अन्न कसं शोधते, हा माझा प्रश्न. राईत कुणी काडी उचलत नाही; देवाचं रान, तिथलं तिथेच कुजायचं. त्यामुळे पाचोळ्याचा खच असतो आणि वाळवीला लांब जावं लागत नाही. वरकसात तुम्ही गवत जाळता, फाटा उचलता, म्हणजे तिच्या दृष्टीने दुष्काळ. तिथे ती किती लांब बोगदे काढते, आधी कुठला खुंट गाठते, मग कुठे वळते, हे बघायचं आहे. असेच खुंट मी राईत ठोकलेत आणि खालापूरकडे एका शेतकऱ्याच्या उतारावरही. खुंट खाल्ला गेला की माझं काम झालं. इतकं साधं आहे.

तर एकदा जाऊन बघून ये. कुठल्या खुंटावर मातीचा लेप चढलाय, तेवढा आकडा कळव. उपटून बघू नकोस, हात लावू नकोस. फक्त बघ.

वहिनीला नमस्कार. निशीला सांग, आत्या दिवाळीनंतर येईल.

तुझी
हर्षला


कडाव
१७ सप्टेंबर

चि. हर्षला हिस साईनाथचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र लडकूने हातात दिलं आणि म्हणाला, "शेळीचं खरं हाय बरं का, सायबराव." म्हणजे वाचतो.

खुंट पाहून आलो. आनंदाची बातमी आहे. एकाही खुंटाला वाळवी लागलेली नाही. तू गेलीस आणि माझ्या मनात आलं, बाईमाणूस एवढी राबून गेली, आणि पावसात लाकूड कुजणार. म्हणून गॅरेजवरून जळकं ऑइल आणलं आणि जमिनीवर दिसतो तेवढा प्रत्येक खुंट काळाभोर करून टाकला. वर रंगारी बोलावून तुझे आकडे पुन्हा लाल काढून घेतले. आता दोन पावसाळे हलत नाहीत. आभार मानू नकोस, घरचंच काम आहे.

दोन-चार खुंट जरा सरकलेत. ते शेजारच्या सदूने सरकवले, त्याच्या हद्दीत. मी विचारलं, "का रं?" तर म्हणतो, "तुज्याच रानातून का जाईल? माज्या रानानं काय घोडं मारलंय?"

काय जाईल, ते आता सांगतो. तू खुंट ठोकलेस आणि आठ दिवसांत गावात झालं की कॉरिडॉर येतो आहे. कसला कॉरिडॉर, कुठून कुठे, हे कुणालाच माहीत नाही. पण येतो आहे यावर एकमत आहे. गावात एकमत ही गोष्ट मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. लाल आकड्यांचा खुंट म्हणजे मोजणी, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. जमीन जाताना तिच्यावरची झाडं भरपाईत धरली जातात, म्हणून लोकांनी वरकसात आंब्याची कलमं लावलीत, इतकी दाट की मेथी पेरल्यासारखी. सदूने पत्र्याची शेड उभी केली आणि तिच्यावर 'पोल्ट्री' लिहिलं. आत एक कोंबडी आहे. ती अंडी घालत नाही, पण ती मोजणीपुरतीच आहे.

मी कुणाला एका शब्दाने खोटं सांगितलेलं नाही. कुणी विचारलं तर मी फक्त हसतो. आता हसण्यावरही बंदी आहे का?

एक 'कॉरिडॉर बाधित शेतकरी समिती' झाली आहे. तिच्यात दोन गट आहेत. एक म्हणतो, कॉरिडॉर रद्द करा. दुसरा म्हणतो, आमच्यातूनच न्या. अध्यक्ष दोन्ही गटांनी मलाच केलं.

आणखी एक. आपल्या निशिगंधाला स्थळ आलं आहे. मुलगा किरण, खोपोलीला कंपनीत आहे. वडील बुधाजी, खालापूरकडचं मोठं खटलं. चिंधीमामी मध्यस्थ. निशी कर्जतला लॅबमध्ये लोकांची रक्तं तपासते, ते तिने लग्नानंतर करायचं की नाही ते पुढे बघू. मुख्य म्हणजे त्यांच्याही उतारावर मोजणी झालीय, लाल आकड्यांचे खुंट आहेत. मामी म्हणाली, "कॉरिडॉरच्या दोन टोकांचं लगीन हाय ते. असं जमून येत नाय रं."

पितृपक्ष संपला की बोलणी पुढे जातील. तुझे आशीर्वाद असू देत.

साईनाथ


वरची वाडी
२४ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र वाचून राईत गेले आणि एका झाडासमोर बराच वेळ उभी राहिले. झाडाने काही केलेलं नव्हतं, म्हणून परत आले.

मी मांजरापुढे दूध ठेवलं. तू भांड्यावर झाकण ठेवलंस, वर दगड ठेवलास, आणि आता मला कळवतोस की दूध शाबूत आहे.

आता ज्या विषयात मला थोडं कळतं त्याबद्दल लिहिते, म्हणजे डोकं थंड होईल. वाळवी आंधळी असते. कामकरी वाळवी घराबाहेर पडते ती सगळीकडे बोगदे काढत. कुठे काय आहे तिला ठाऊक नसतं. त्यातल्या एखादीला लाकूड लागतं. परत येताना ती वाटेवर वास सोडत येते. मग दुसरी त्या वाटेने जाते, तिचाही वास त्यात मिसळतो, मग तिसरी, आणि बघता बघता तो एक बोगदा हमरस्ता होतो. बाकीचे ओस पडतात. लाकूड केवढं आहे, तितक्यांना पुरेल का, हे कुणी बघत नाही. वास पुरेसा असतो. तुमच्या समितीशी मी तुलना करत नाही. वाळवीने त्या वाटेच्या शेवटी निदान एकदा तरी लाकूड पाहिलेलं असतं.

आता दुसरी गोष्ट. खालापूरकडच्या ज्या शेतकऱ्याच्या उतारावर मी खुंट ठोकलेत म्हणून मागच्या पत्रात लिहिलं, त्याचं नाव बुधाजी. तुझे आकडे जिथे संपतात तिथून त्यांचे सुरू होतात. तुझ्या होणाऱ्या व्याह्यांच्या कॉरिडॉरचं दुसरं टोकही मीच ठोकलंय, दादा. मी दुपारी जेवून ठोकलं होतं, म्हणून जरा तिरपं आहे.

म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांच्या वाळवीकडे बघून सोयरीक करता आहात.

रविवारी येते. समितीला गोळा कर, मी सगळ्यांसमोर सांगते.

हर्षला


कडाव
२९ सप्टेंबर

चि. हर्षला,

रविवारी तू आली नाहीस, बरं झालं. लडकू म्हणाला, ओढ्याला पाणी होतं. देव कधीकधी वेळेवर पाऊस पाडतो.

तुझं पत्र दोनदा ऐकलं. रागावून नाही, शांतपणे सांगतो. आमच्याकडचे खुंट तुझे, हे मान्य. मी स्वतः पाहिलं आहे. पण बुधाजींकडचे तुझेच, हे कशावरून? तू चार-दोन ठोकले असशील. त्यांतच सरकारी खुंटही असणार. मोठ्या माणसांच्या जमिनीत एकच मोजणी होते असं नसतं. आणि तो माणूस तू बघ. बसताना खिशातून रुमाल काढतो, खुर्ची पुसतो, रुमाल झटकतो, घडी करतो, मग बसतो. इतका चौकस माणूस वाळवीच्या खुंटाला फसेल?

म्हणजे बघ, आमचं खोटं आहे आणि त्यांचं खरं आहे. अशा वेळी आपण घाई करायची की उशीर?

दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी ते सुपारी फोडायला येणार आहेत, आणि रान बघायचं म्हणालेत. तोवर तू तोंड उघडू नकोस. तू आलीस आणि काही बोललीस तर पोरीचं जमलेलं मोडेल. चिंधीमामी म्हणते, एकदा मोडलं की पोरीला नाव पडतं. लग्न होऊ दे, मग तू हवं तर लाउडस्पीकर लावून सांग. तुझं बरं आहे, तुला राजा-राणी सगळे जमिनीखाली भेटतात. आम्हाला माणसांत राहायचं आहे.

वहिनी म्हणते, दसऱ्याला तरी ये. मी म्हणतो, नको येऊस.

साईनाथ


वरची वाडी
५ ऑक्टोबर

दादा,

ठीक आहे. नाही बोलत.

त्यात माझं मोठेपण काही नाही, तेव्हा मनावर घेऊ नकोस. परवा खालापूरला जाऊन आले. आजवर माझ्या प्रत्येक खुंटाला कुणी ना कुणी गुरं बांधली आहेत. शेळ्यांनी फडकी खाल्ली आहेत. या वर्षी बुधाजींनी तिथे कुंपण घातलंय आणि वर राखण ठेवलीय. राखणदाराने मलाच हटकलं, "ओ बाय, मोजनीला हात लावू नका." अशी शिस्त मला कुठल्याही अनुदानातून मिळाली नव्हती. वाळवी तिथे सुंदर काम करते आहे. तुळशीच्या लग्नापर्यंत ते तसंच राहिलं तर माझी नोंद पुरी होते. तुमची अफवा माझ्या कामाची पहारेकरी आहे, तर मी ती का मोडू? वाळवीच्या वाटेत मी बोट घालत नाही, तुमच्या वाटेत तरी का घालू? माझं काम बघण्याचं.

बघणाऱ्याने जेवढं सांगावं तेवढं सांगते. तू फक्त जमिनीवर दिसणारा भाग रंगवलास. वाळवी वरून येत नाही, खालून येते. ती लाकडात खालून शिरते, आतलं खाते आणि जाताना रिकाम्या जागेत माती भरत जाते. बाहेरची कड ती शेवटपर्यंत ठेवते, कारण तिला उजेड आणि वारा सोसत नाही. तेव्हा पाहुण्यांना खुंट दाखवायचे तर लांबून दाखव.

निशीचं काय म्हणणं आहे? तेवढं कळव.

आणि एक कौतुक राहिलं. या वयात तुझं अक्षर सुधारलंय. पूर्वी तुझं पत्र आलं की मी ते आधी उलटं धरून बघायची.

हर्षला


कडाव
१४ ऑक्टोबर

चि. हर्षला हिस आशीर्वाद.

सुपारी फुटली. सगळं सांगतो, मध्ये थांबवू नकोस.

बुधाजी, त्यांच्या पत्नी मोतीबाई, मुलगा किरण आणि चिंधीमामी, असे जीप करून आले. पोहे झाले, चहा झाला. बुधाजींनी खुर्ची पुसली. मग म्हणाले, "चला, रान दावा की."

मी तुझं ऐकून लांबूनच दाखवत होतो. बांधावर उभं राहून हात केला, "ते बघा, तिकडून असा जातो, इकडून असा निघतो." कसला कॉरिडॉर ते मलाही ठाऊक नाही, पण हात आपोआप फिरत होता. तर बुधाजी म्हणाले, "जवळून बगू." आणि उतरले खाली. मागे किरण, मागे मी. बायका आणि मामी घरीच होत्या, हे नशीब.

बुधाजी एका खुंटापाशी थांबले. रुमाल काढला, खुंटाचं डोकं पुसलं, आणि मजबूत आहे का बघायला हलवून बघितला.

हर्षला, तो खुंट त्यांच्या हातात आला. मुळापासून नाही. वरचा काळा, लाल आकड्याचा भाग पापडासारखा चुरला आणि आतून भसकन माती पडली. त्यांच्या बुटांवर माती, पॅन्टीवर पांढऱ्या वाळव्या, हातात ऑइलचा पापुद्रा. मी जमिनीकडे बघत होतो, जमीन फाटते का ते. फाटली नाही, तीही तुझ्या वाळवीने धरून ठेवली असेल.

बुधाजींनी आधी रुमालाने बूट झटकले. मग पापुद्रा खाली ठेवला, हात पुसले आणि अगदी हळू म्हणाले, "आमच्याकडं बी असंच झालं. नवरात्रात. म्हशीनं अंग घासलं."

मी म्हटलं, "मंग?"

"मंग काय. रातोरात... म्हंजे सांजेलाच नवा खुंट ठोकला. आकडा काडला. कुनाला कळलं नाय."

"म्हंजे तुमाला ठावं हाय?"

"तुमाला ठावं हाय का?"

"माज्या भणीचेच हायती ते."

"ती वाळवीवाली बाय तुमची भन? आरं देवा! मला वाटलं मोजनीखात्यातली मोठी अधिकारी हाय, वाळवीचं सोंग करती."

आम्ही दोघं बांधावर बसलो. या वेळी त्यांनी बांध पुसला नाही. मी म्हटलं, झालं, आता उठतील आणि जीप सुरू करतील. तर ते म्हणाले, "आमच्याकडं मी उपाध्यक्ष हाय समितीचा. निवडणुकीला उभा ऱ्हावं म्हन्तात."

मी म्हटलं, "मी अध्यक्ष."

"मंग मोडून कसं चालंल? तुमी बाहेर पडला तर तुमी सांगनार आमचं, आमी सांगनार तुमचं. सोयरीक झाली म्हंजे दोघांची तोंडं घरातल्या घरात ऱ्हातात."

तू काहीही म्हण, माणूस हुशार आहे. इतके दिवस मला धास्ती होती की खरं कळलं तर मोडेल. आता खरं कळलं आणि आता दोघांपैकी कुणालाही मोडता येत नाही. लोक मानपानावर सोयरिकी करतात, त्या मानपानावर मोडतात. अशी पक्की सोयरीक मी पाहिली नाही.

वर आलो, सुपारी फोडली. तुळशीचं लग्न झालं की साखरपुडा. किरण मुलगा गरीब आहे, सगळा वेळ खाली बुटांकडे बघत होता.

तू विचारलं होतंस म्हणून कळवतो. निशी खूश आहे.

साईनाथ


कडाव
२६ ऑक्टोबर

आत्या,

हे अक्षर तू ओळखशील. सप्टेंबरपासून तुला हेच अक्षर येतं आहे. समितीचे अध्यक्ष झाल्यापासून पप्पा स्वतः लिहीत नाहीत. ओटीवर फेऱ्या मारत मजकूर सांगतात आणि मी लिहिते. तुझी पत्रंही मीच त्यांना वाचून दाखवली. अक्षर सुधारलंय, असं तू लिहिलंस तेव्हा मी वाचताना जरा थांबले होते. पप्पा म्हणाले, "पुढे वाच." तुला मातीच्या वासावरून कुठल्या जातीची वाळवी ते कळतं म्हणे.

'निशी खूश आहे' हे वाक्यही मीच लिहिलं. पप्पा म्हणाले, "लिही, निशी खूश आहे." मी म्हटलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" ते म्हणाले, "लिही गं, कागद संपत आला." मी लिहिलं. काय होतं ते बघायचं होतं मला. तुझं उत्तर आलं नाही.

मला हे लग्न हवं का, हे एकट्या तूच विचारलंस. पण पप्पांना विचारलंस.

खरं सांगायचं तर सुपारीपर्यंत माझंही काही पक्कं नव्हतं. किरण दिसायला बरा आहे, बोलतो कमी, हसतो वेळेवर. एवढ्यावर लोकांचे संसार होतात. तुझी पत्रं वाचून मी म्हणत होते, कधीतरी आत्या येईल आणि हा तमाशा बंद होईल, मग बघू मुलगा कसा आहे ते. तू आली नाहीस. तुझी नोंद पुरी व्हायची होती.

खुंट मोडल्याचं पप्पांनी मला लिहायला सांगितलं, त्या संध्याकाळी मी किरणला फोन केला. विचारलं, "तुला कधी कळलं?" तो म्हणाला, "जूनमधे." मी म्हटलं, "कसं?" तर म्हणाला, "बाईंनी ठोकले तेव्हा मीच धरले होते. त्यांनी वडापाव दिला आणि राणी कशी असते ते सांगितलं." मी विचारलं, मग घरी का नाही बोललास? म्हणाला, "बाबा खूश होते."

त्या दिवशी मला कळलं की हे सगळं ज्यांना माहीत होतं ती माझ्याशिवाय चार माणसं होती, आणि चौघांकडे गप्प बसायला चांगलं कारण होतं. पप्पांना सोयरीक, बुधाजीकाकांना निवडणूक, किरणला बाबा, तुला वाळवी.

भाऊबीजेला किरणच्या घरचे फराळ घेऊन आले. समितीची माणसंही होती, शेजारची सोनुबाई आजी होती, मोतीबाई होत्या. पप्पा कॉरिडॉरबद्दल हसत होते. मी पोह्यांची ताटली खाली ठेवली आणि म्हटलं, "खुंट आत्याचे आहेत. वाळवीसाठी ठोकलेत. दोन्हीकडचे. पप्पांना माहीत आहे, बुधाजीकाकांना माहीत आहे, किरणला जूनपासून माहीत आहे. आणि मी यावर लग्न करणार नाही."

तुला वाटत असेल, मग स्फोट झाला. तसं काही नाही झालं. सदूकाका म्हणाला, "वाळवीला आकडे कशाला लागतील गं? ती काय वाचती?" आणि सगळे हसले. सोनुबाई आजी म्हणाली, "पोरीचं दुसरीकडं मन हाय. म्हून काय बी बोलती." बुधाजीकाकांनी चकली मोडली, पुसली आणि खाल्ली. समितीतल्या एकाने विचारलं, मी 'रद्द करा' गटाची का. मोतीबाई एकट्याच माझ्याकडे नीट बघत होत्या. पप्पा माझ्याकडे असे बघत होते, जणू मी विरुद्ध पक्षातून निवडून आले आहे.

म्हणजे मी खरं सांगितलं, आणि ते खोटं ठरलं, कारण मला लग्न नको आहे. नवरा नको म्हणणाऱ्या मुलीची साक्ष धरत नाहीत इथे.

दुसऱ्या दिवशी किरण एकटा मोटरसायकलवर आला. फाटकाबाहेरच उभा राहिला. म्हणाला, "मी बोललो असतो गं. पण सांगितलं ना, बाबा खूश होते." मी म्हटलं, "माझे पण होते." मग म्हणाला, "आता घरी सांगू?" मी म्हटलं, "घरी नको. सगळ्यांसमोर सांग. सांगितलंस तर चहाला ये. फक्त चहाला." तो गेला. सांगेल की नाही, मला माहीत नाही. त्याच्याकडे उपाध्यक्ष आहेत, माझ्याकडे अध्यक्ष.

शुक्रवारी ग्रामसभा आहे. समिती कॉरिडॉरचा ठराव मांडणार आहे. रविवारी तुळशीचं लग्न, आणि त्यानंतर पप्पांनी साखरपुड्याची तारीख काढली आहे. मला न विचारता, म्हणजे नेहमीसारखी. बुधाजीकाकांना वाटलं होतं तसंच इथेही सगळे अजून समजतात की तू मोजणीखात्यातली अधिकारी आहेस. तू सभेत उभी राहून म्हणालीस की खुंट माझे, तर त्यांना मानावं लागेल. माझं म्हणणं मग त्यांना मानावंच लागेल असं नाही, पण निदान खोटं तरी म्हणता येणार नाही.

तुझे बुधाजीकाकांकडचे खुंट अजून उभे आहेत. तुळशीच्या लग्नापर्यंत थांबलीस तर तुझी नोंद पुरी होईल. मला ते माहीत आहे. म्हणून नीट विचार करून ठरव.

लडकूला पुढची सीट रिकामी ठेवायला सांगितलंय. हे पत्र तो वाटेत वाचेल, त्यामुळे त्याला कारणही कळेल.

उत्तर लिहू नकोस. ये.

निशिगंधा